बोंबीलच्या छातीचा फोटो

आमच्या साडूभाऊंइतका माणसांना आतून ओळखणारा मनुष्य अख्ख्या भिवंडीत दुसरा नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान, राहणार भिवंडीजवळचं पूर्णा गाव. उभा जन्म त्यांनी इस्पितळात एक्स-रे काढण्यात घालवला. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, फासळ्या राहतात. एका हळदीत एका अनोळखी गृहस्थाला त्यांनी विचारलं, "नाव न्हाय आठवत, पण डावीकडची सहावी फासळी नीट जुळली ना?" गृहस्थ गहिवरला. घरातल्या लग्नांत फोटोग्राफरच्या मागे उभं राहून हे ओरडणार, "श्वास घ्या, रोखा!" त्यामुळे आमच्या सगळ्या अल्बमांत वऱ्हाडी मंडळी छाती फुगवून, डोळे वटारून उभी आहेत. मात्र फोटोत काय दिसलं हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. "काढणं माझं काम, सांगणं डॉक्टरचं." चेहरा कोरा ठेवायची सवय इतकी, की आमटी खारट झालीय का, हेसुद्धा ताईंना त्यांच्याकडे बघून कळत नाही.

त्यांचा जीव एका कुत्र्यावर. शेजारच्या गोदामातला मॅनेजर बदलीवर जाताना आपलं पांढरं पॉमेरेनियन पिल्लू यांच्या ओटीवर सोडून गेला. अंगानं मऊ आणि किरकोळ, म्हणून त्याचं नाव बोंबील. अकरा वर्षांचा झाल्यावर त्याला खोकला लागला. साडूभाऊंनी गोदामांच्या धुळीला शिव्या घातल्या. मग एका दुपारी ताईंचा फोन आला, "लवकर ये, बोंबील पडलाय. जीभ निळी पडलीय."

मी गाडी घेऊन पोचलो आणि दोघांना बसवून दवाखान्याकडे निघालो. रस्त्यात कंटेनरांची रांग. साडूभाऊ मागच्या सीटवर बोंबीलला मांडीवर धरून बसलेले.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं, छातीला नळी लावून ऐकलं. "हृदयातून फुसफुस आवाज येतोय. खोकला हृदयामुळेच आहे का, हे फोटोशिवाय सांगता येणार नाही. पण आडवं केलं की धाप वाढेल. झटपट करावं लागेल."

पहिला फोटो पडद्यावर आला. छाती जवळजवळ सगळी पांढरी. बाईंचा चेहरा उतरला. "फुप्फुसांत फार पाणी दिसतंय, काका."

"हा फोटो रद्द," साडूभाऊ म्हणाले. "श्वास सोडताना निघालाय, आत हवाच न्हाय. पांढरं दिसणारच."

"पुन्हा आडवं करणं धोक्याचं आहे. टेबलावरच जाईल तो."

"मी धरतो. मी सांगेन तवाच बटण दाबा."

थोडा वेळ प्राणवायू देऊन बाई तयार झाल्या. साडूभाऊंनी शिशाचा एप्रन चढवला आणि बोंबीलला उजव्या कुशीवर निजवलं. श्वास रोख म्हणून कुत्र्याला कसं सांगणार? ते नुसते फासळ्यांकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचा स्वतःचा श्वास बोंबीलसारखा जलद होऊ लागला. बोंबीलची मान लुळी पडत चालली होती. मी काचेपलीकडून बघत होतो. थांबवावं, असं वाटलं.

"आत्ता!"

बटण दाबलं आणि प्राणवायूची नळी पुन्हा लागली. फोटो पडद्यावर आला. बाई जवळ पोचायच्या आत साडूभाऊंनी तो पाहिला होता. मी विचारलं, "काय दिसतंय?"

"मोठं झालंय रे," ते म्हणाले. "लई मोठं झालंय त्याचं हृदय." आणि एप्रनसकट बाकावर बसले.

बाईंनी पडद्यावर हृदयाच्या लांबी-रुंदीची बेरीज पाठीच्या मणक्यांशी ताडून पाहिली. "साडेदहा मणक्यांपर्यंत ठीक असतं. इथं बारा भरतायत. झडप निकामी होतेय. पण पाणी वाटलं तेवढं नाही, काका. गोळ्यांवर ठेवता येईल. बरा नाही होणार, पण सोबत राहील."

तीन दिवसांनी बोंबील घरी आला. आता दोन वेळा गोळ्या, आणि तो झोपला की मिनिटाचे श्वास मोजायचे. तिसाच्या वर गेले तर लगेच दवाखाना. हे काम साडूभाऊ ताईंनाही करू देत नाहीत.

गेल्या आठवड्यात मी पूर्णाला गेलो, तर ते ओटीवर घड्याळ घेऊन बसलेले. त्यांच्या पावलावर डोकं ठेवून बोंबील झोपला होता. मला त्यांनी हातानंच गप्प केलं.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "काल सव्वीस होते."

दोनानं काय होतंय, असं ओठांवर आलं होतं. ताईंनी चहा आणला, तो आम्ही आवाज न करता प्यायलो. साडूभाऊंच्या पायाला एव्हाना मुंग्या आल्या असणार. पण बोंबील जागा होईपर्यंत त्यांनी तो हलवला नाही.