डिझेलची गाडी वसूल होईपर्यंत

आमच्याकडे चिकूची कलमं घ्यायला येणारी माणसं कलमांपेक्षा दारातल्या गाडीचीच चौकशी जास्त करतात. छोटी, डिझेलवरची, अ‍ॅव्हरेजला भारी. घ्यावी का अशी? मी गुण आधी सांगतो. टाकी एकदा भरली की पंपावरची माणसं तुमचं तोंड विसरतात. वाडीतल्या बोळात टेम्पो अडायचा, तिथे ही सहज वळते. मग दोष. उभी असली की अशी थरथरते की आरशात मागचं काही धड दिसत नाही. एसी लावला की चढावर तिला धाप लागते. आवाजाचं तर विचारू नका. सुरुवातीला शेजारचे पाण्याचं इंजिन चालू झालं असं समजून बादल्या घेऊन यायचे. आणि शेवटची गोष्ट, डिझेल परवडतं ते पळवणाऱ्याला. घेतानाच पेट्रोलपेक्षा जास्त मोजलेले असतात, ते निघायला गाडी पळावी लागते. किती, असं लोक विचारतात. पन्नास हजार किलोमीटर, एवढं सांगून मी कलमांकडे वळतो. हा आकडा माझा नाही, माझ्या बायकोचा आहे.

ती कुठलीच वस्तू वसूल केल्याशिवाय सोडायची नाही. चहाचा चोथा गुलाबाला जायचा, टूथपेस्टची नळी कापून आतून पुसली जायची. एकदा ती एसटीने डहाणूला मैत्रिणीकडे गेली, तर दाराला कुलूप. परत यायचं सोडून ही बाई दोन तास समुद्रावर बसून आली, तिकीट फुकट जायला नको म्हणून. मी तिला कंजूष म्हणायचो. ती म्हणायची, "कंजूष माणूस खर्चच करत नाही. मी केलेला वाया घालवत नाही."

दोन हजार चौदाला तिच्या किडन्यांनी काम सोडलं. आठवड्यातून तीनदा वापीला डायलिसिस. घोलवडहून पॅसेंजर मिळायची, पण परतताना तिच्या पायांत गोळे यायचे आणि ती डब्यात खालीच बसायची. घरी पाणीसुद्धा मापाने. नारळपाणी बंद, चिकू बंद. चिकूच्या वाडीत राहायचं, सगळ्या घराला पिकल्या चिकूचा वास, आणि तिने पेलाभर पाणी दिवसभर पुरवायचं. वर्षभराने ती म्हणाली, "पुरे आता." मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गाडी बघायला गेलो.

शोरूममधल्या माणसाने पेट्रोल आणि डिझेल, दोन्हींचे कागद पुढे ठेवले. तिने त्याच्याच पेनाने कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. "डिझेलची पन्नास हजार किलोमीटरनंतर परवडायला लागेल," ती म्हणाली. "पेट्रोलचीच घ्या. मला कुठे तेवढं जायचंय?"

तो माणूस हसला. त्याला वाटलं, आम्ही फारसे फिरत नाही.

मी डिझेलचीच घेतली. लोकांना वाटतं अ‍ॅव्हरेज बघून घेतली. खोटं आहे. घरात घेतलेली वस्तू वसूल होण्याआधी ही जाणार नाही, एवढाच माझा हिशेब होता, आणि तिला तो तिथल्या तिथे कळला. परतताना ती म्हणाली, "बरं. पन्नास हजार होईपर्यंत येते वापीला. पुढे मला आग्रह करायचा नाही." मी हो म्हणालो. मी कलमं विकणारा माणूस, लावल्यावर चार-पाच वर्षं फळाची वाट बघा असं लोकांना सांगणारा. मला पन्नास हजार म्हणजे उभा जन्म वाटला.

आणि मग मी गाढवपणा केला. गाडी इतक्या स्वस्तात पळायची की मी ती पळवत सुटलो. पूर्वी दहा-बारा गिऱ्हाइकं जमली की टेम्पो करायचो. आता मधल्या दिवशी डिकीत दोन कलमं टाकून उधव्याला जायचो. झाईला जायचो, कांदे आणायला तलासरीला जायचो. सीमेपलीकडे गुजरातेत डिझेल स्वस्त, म्हणून वापीहून येताना टाकी भरायची, आणि भरलेली आहे म्हणून फिरायचं. स्वस्त गाडीचा हा दोष कुठल्याच कागदावर छापलेला नसतो. आठ-नऊ महिन्यांनी एका बुधवारी ती गाडीत बसली, पट्टा लावला आणि मीटरकडे बघून म्हणाली, "वीस हजार झाले. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त घाई दिसते."

ती चेष्टाच करत होती. मी मनातल्या मनात हिशेब केला. त्यातले निम्मे किलोमीटर माझे होते. तिचे दिवस मी कलमांबरोबर उधव्याला नेऊन टाकत होतो, वर अ‍ॅव्हरेजचं कौतुक करत होतो.

दुसऱ्या दिवसापासून गाडी फक्त वापीला जाऊ लागली. मी गुडघ्यांत कलमं धरून जीपने फिरलो. गाडी दारात आणि मालक जीपला लटकतोय, असं लोक तोंडावर बोलले. ती म्हणायची, "अहो, जा ना गाडीने. उन्हात कशाला मरता?" मी म्हणायचो, क्लच जड झालाय. वापीचाही जवळचा रस्ता शोधला. खड्डे जास्त, पण प्रत्येक खेपेला चार किलोमीटर वाचायचे. त्या खड्ड्यांनी तिची कंबर दुखायची. तिने सीटवर गोधडी घातली.

तलासरीतल्या एका मेकॅनिकला मी एकदा विचारलंसुद्धा, मीटर मागे घेता येतो का.

"विकायचीये काय काका?"

"नाही."

"मग कशाला मागे घेता?"

पाच मिनिटांचं काम आहे, तो म्हणाला. मी चावी खिशात घालून निघून आलो. एक तर प्रत्येक खेपेचा आकडा तिला तोंडपाठ असायचा. आणि खरं सांगायचं तर तिला फसवायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती.

अशी दोन वर्षं गेली. तिच्या हाताची नस सुजून दोरखंडाएवढी झाली. मशीन लावणारी मुलगी दर खेपेला विचारायची, "केम छो काकी?" आणि ही म्हणायची, "मजामां." गाडीत बसली की डोळे मिटायची. आमची मुलगी किडनी द्यायला तयार होती. "तिची पोरं लहान आहेत," एवढ्यावर तिने तो विषय संपवला. मला वाटायचं, सवय होईल, आकडा विसरेल. मी रोज देवापुढे हात जोडून तेवढंच मागायचो, की ही विसरू दे. जिने आयुष्यात रद्दीचा भाव विसरला नाही, ती हे काय विसरणार?

दोन हजार अठरा. शुक्रवार होता. वापीहून परतताना तलासरी मागे टाकून आम्ही आतल्या रस्त्याला लागलो होतो. ती डोळे मिटून होती म्हणून मी निर्धास्त होतो. "थांबवा जरा," ती म्हणाली. मी गाडी कडेला घेतली. मीटरवर पाचाच्या पुढे सगळी शून्यं होती. गाडी थरथरत होती, तिच्या हातातली पिशवीही.

"झाली वसूल," ती म्हणाली.

मी भांडलो. शब्द म्हणजे काय दगडावरची रेघ असते का, म्हणालो. टायर अजून चांगले आहेत, असंही काहीतरी म्हणालो. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. तिने माझं रडणं संपू दिलं. "मी माझा शब्द पाळला," ती म्हणाली. "आता तुमचा."

सोमवारी सकाळी मी तरीही नेहमीच्या वेळी गाडी बाहेर काढली. गोधडी झटकून घातली. तिची पाण्याची छोटी बाटली ठेवली. इंजिन चालू केलं आणि खाली उतरून तिच्या बाजूचं दार उघडून उभा राहिलो. हाक मारायची गरज नव्हती, आवाज घरभर जात होता.

ती बाहेर आली. हातात ताटली होती, ताटलीत वाडीतला चिकू, चार फोडी केलेला. पायरीवर बसून तिने एक फोड खाल्ली आणि बी ताटलीच्या कडेला ठेवली.

"चल ना," मी म्हणालो.

तिने दुसरी फोड उचलली. "बंद करा ती," ती म्हणाली. "उगाच डिझेल जळतंय."