दगडू पिंजाऱ्याची मूठ

भागाबाईचं सासर चाळीसगावजवळच्या खेड्यातलं, तरी गाव तिला 'मोगलाईवाली' म्हणे. नवरा तिला घेऊन घाटावर मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, शेती करायला गेला आणि तिकडेच तापाने वारला. अठ्ठेचाळीस साली रझाकारांची धामधूम माजली, तेव्हा तिथल्या शेजारच्या दगडू या मुसलमान पिंजाऱ्याने तिची दोन पोरं गाडीतल्या कापसात दडवली. वाटेत रझाकारांनी गाडी अडवली आणि नेमकी धाकट्याला शिंक आली. दगडू त्याहून मोठ्यांदा शिंकला, म्हणाला, "कापूस नाकात जातो, साहेब!" माय-लेकरांना घाटाखाली सोडून तो म्हाताऱ्या आईपायी परत वर गेला.

भादव्यात भारताची फौज शिरली, पाच दिवसांत लढाई संपली. मग लोकांनी रझाकारांचं उट्टं साध्या मुसलमानांवर काढलं. पिंजाऱ्यांची आळी जळाली. भागाबाई दोनदा घाट चढून विचारून आली. दगडूचं कोणी काही सांगेना.

पुढच्या श्रावणात कानबाई देवीचा सण आला. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची सव्वा मूठ घ्यायची, त्याचे जाडजूड रोट भाजायचे. ते भाऊबंदांनीच खायचे, पुनवेच्या आत संपवायचे, नाहीतर देवीचा कोप. भागाबाईने दोन पोरांच्या मुठी सुपात टाकल्या आणि तिसरी भरली.

भाऊबंदांतले वडील जीवरामआबा गुरकले, "हाई कोनी मूठ?"

"दगडूनी."

"कानबाईना रोटमा पिंजारीनी मूठ? येडी व्हयनी का तू?"

"मना पोरे घाटखाल कोन लई उना, आबा? तुम्ही उनात का?"

"तो मरी गया व्हई!"

"माले कोनी त्यानं मढं दखाडं नही. तोपावत तो मना घरना."

भाऊबंद उठून गेले. तिच्या रोटाला कोणी शिवेना. बाहेर द्यायची सोय नाही, टाकायची तर नाहीच. माय-लेकरं सकाळ-संध्याकाळ रोटच चावत बसली. धाकटा म्हणे, "माय, दगडूकाका खाई बी भलता ना!" भागाबाई हसली, पण तिचेही जबडे दुखून आले होते.

पुनव उद्यावर आली तरी दोन रोट उरलेच. आबा पारावरून सांगत होते, "दखा, आते देवीच दखाडी!" तेवढ्यात त्यांचीच बायको कमलबाई भरदुपारी भागाबाईच्या ओट्यावर येऊन बसली.

"आन वं एक. दात शेतस तवलोंग खाई लेस."

आबा धावत आले. "ऊठ! काय करी ऱ्हायनी?"

"तोंडमा घास शे," कमलबाई म्हणाली आणि सावकाश चावत राहिली.

रोट संपले. पुढल्या श्रावणात आबा पुन्हा सुपापाशी बसले. भागाबाईने तिसरी मूठ भरली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. आबांनी तोंड फिरवलं, पण सूप काही ओढून घेतलं नाही.

छप्पन साली मोगलाईची हद्द पुसली गेली. श्रावणात सुपापाशी आबा म्हणाले, "मोगलाई सरनी, आते तरी ती मूठ सोड."

"हद्द सरकारनी व्हती, आबा," भागाबाई म्हणाली. "सरका तिकडे, गहू सांडतीन."