रानकेळीच्या मागावर सुमती

सुमती गेल्याची तार आली तेव्हा मी कॉलेजात तास घेत होते. पुढे काय शिकवलं, आठवत नाही. चार दिवसांसाठी भावाकडे गेली होती, तिथेच हृदय थांबलं... आम्ही दोघी बारा वर्षं वनस्पतिशास्त्राच्या एकाच खोलीत बसलो, एकाच डब्यातून जेवलो.

तिला वेड होतं रानकेळीचं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर खडकातून हिरवीगार उगवते ती. मुळशीकडे तिला कवदर म्हणतात. हिची भावंडं थेट आफ्रिकेत आहेत. हे कुळ जन्मलं कुठे आणि मधला समुद्र ओलांडून पसरलं कसं, हा सुमतीचा प्रश्न. घरच्या केळीसारखी हिला बाजूने पिल्लं फुटत नाहीत. एकदा फळते आणि मरते. म्हणजे प्रवास करायचा तो बियांनीच. त्या समुद्रातून तरंगत गेल्या असतील, असं धरून तिने मोठा लेख लिहिला. मग मिठाच्या पाण्यात बिया टाकून पाहिल्या, तर सगळ्या तळाशी! लेख तिने स्वतःच फाडला. "चार वर्षं पाण्यात गेली गं," म्हणाली, आणि महिनाभर सूक्ष्मदर्शकाला हात लावला नाही.

शेवटी मीच तिला ओढून मुळशीला नेलं. धरणाच्या वरच्या वाडीतली, रानात हिरडा गोळा करणारी धोंडाबाई आम्हाला कड्यावर घेऊन गेली. दमलेल्या सुमतीने तिला सहज विचारलं, "हे बी इथून लांब कोण नेत असेल हो?"

"उदमांजर खातंय की. खाल्लं हितं, टाकलं त्या कड्यावर."

"पण आफ्रिका हजारो मैल लांब आहे, धोंडाबाई!"

धोंडाबाई हसली. "येकाच मांजरानं कशाला न्यायचं? तितनं दुसरं न्हेईल फुडं. घाई कुनाला हाय?"

सुमती तिथेच खडकावर बसून वहीत नकाशा काढू लागली. समुद्राला वळसा घालून जमिनीने जायचं तर मधे वाळवंट आहे खरं, पण ते कायमच वाळवंट थोडंच असणार... तिथे कधीकाळी रान असेल, तर कड्याकड्याने, जमिनीवरून जाणं शक्य होतं! पुढची सगळी वर्षं ती याच वाटेचा माग काढत राहिली. पुरता पुरावा हाती लागला नाही. पण नवा लेख छापून आला, आणि त्यात पहिले आभार धोंडाबाईचे होते.

गेल्या आठवड्यात वाडीवर जाऊन मी धोंडाबाईला सुमती गेल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "बाईंचं काम आता कोन करतंय?"

"त्यांच्या दोन विद्यार्थिनी आहेत."

"मंग त्यास्नी घिऊन या. माजं गुडघं चालत्यात तवर समदं कडं दावून ठिवते."

येत्या रविवारी आम्ही तिघी निघतो आहोत.