मुशीचं तेल लावलेली मोटारसायकल

आमच्या संघटनेत पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिला धडा हा असतो की जबाबदार कोण ते पहिल्याच वाक्यात सांगा. एसटीच्या थांब्यावर उभं राहून वाचणारा माणूस दुसऱ्या वाक्यापर्यंत टिकेल याची खात्री नसते. हा धडा मी चांगला गिरवला. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या, वाड्यांचे झरे आटले, तर पहिलं वाक्य तिथला जांभा कापणाऱ्या चिरेखाणवाल्यांवर. त्यांना परवानगी देणाऱ्यांवर दुसरं. भाषा सभ्य ठेवा, असं मला अनेकांनी सांगितलं. आटलेल्या झऱ्यावर सभ्य भाषेत काय लिहायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

दादा गेला तेव्हा मला एकही वाक्य लिहिता आलं नाही.

तो आखातातल्या एका बंदरात टगबोटीवर होता. मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावणारी छोटी, ताकदवान बोट. जहाजाचा दोर ताणाखाली तुटला, उलटा फिरला आणि त्याला लागला. कंपनीचा अहवाल आला त्यात कारण दिलं होतं, कामगाराचा निष्काळजीपणा. दोर किती जुना होता, तो कधी बदलायला हवा होता, कुणी बदलला नाही, यावर एक अक्षर नाही. संघटनेतले म्हणाले, लिही, आपण छापू. मी कागद घेऊन बसले. राग यायला हवा होता. आला नाही. दात काढायच्या आधी सुई देतात, मग जीभ लावून पाहिलं तरी गाल आपला वाटत नाही, तसं काहीतरी होतं, आणि ते उतरत नव्हतं. शेवटी त्या कागदावर मी किराणा लिहिला.

तेव्हा हे त्याच्यावरचं पत्रक नाही. हे त्याच्या गाडीबद्दल आहे.

आमचं गाव पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या उतारावर. शेवटच्या सुट्टीत दादाने अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल घेतली. डांबरावरही चालते आणि डांबर संपल्यावरही, अशी. उंच, लांब पायांची. गावात पहिल्यांदा आली तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "घोडा परवडला नाय म्हणून उंट आणलास काय रे?" दादा म्हणाला, उंटाला पेट्रोल लागत नाही. काकू म्हणाल्या, मग उंटच आणायचास.

ती सुट्टी त्याने गाडीवर कमी आणि गाडीखाली जास्त घालवली. कंपनीने दिलेली गाडी जशीच्या तशी चालवणं म्हणजे त्याला दुसऱ्याची चप्पल घालण्यासारखं वाटायचं. बोटींचे कठडे करणाऱ्या वेल्डरकडून त्याने स्टेनलेस स्टीलचा क्रॅशगार्ड करून घेतला. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा बसवला, कातळावर आपटलं तरी इंजिन फुटू नये म्हणून. टायर गाठीगाठीचे. हँडल वर उचललं. तो चांगला सहा फुटी, म्हणून रत्नागिरीत कुशनवाल्याकडे नेऊन सीटही उंच करून घेतली. मी त्याला म्हटलं, आता वर चढायला शिडीपण लाव. तो म्हणाला, "तुला नाय द्यायची म्हणूनच केलीय."

त्याला तिच्यावरून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं होतं. जयगडपर्यंत गेला आणि परत आला. शिमगा झाला आणि सुट्टी संपली. जाताना काकांना म्हणाला, पावसात गाडी सांभाळा.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बाबा आम्ही लहान असतानाच गेले. काका शेजारच्याच घरात राहतात. त्यांची स्वतःची लाकडी होडी होती. आगोट आली, म्हणजे पावसाच्या तोंडावर, की होडी वर ओढायची, धुवायची, सुकवायची, सगळ्या अंगाला मुशीच्या काळजाचं तेल चोळायचं आणि वर माडाची झापं बांधायची. मुशी म्हणजे शार्क. त्या तेलाचा वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. आता होड्या फायबरच्या झाल्यात, तेल कुणी लावत नाही. काकांची होडीही विकली गेली. तेलाचा कॅन मात्र त्यांनी ठेवलाय.

गाडी सांभाळा म्हटल्यावर काकांना एकच सांभाळणं माहीत होतं. त्यांनी गाडी पडवीत घेतली, धुतली, सुकवली आणि फडक्याने तेल चोळलं. टाकीला, गार्डला, चाकाच्या तारांना, प्रत्येक नटाला. दादाने त्यांना फोनवर विचारलं तेव्हा मी तिथेच होते. काका सांगत होते, "खारा वारा लोखंड खातो बाबा. मी एक जागा सोडली नाय." मग सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली आणि वरून झापं बांधली. पडवीत पाहिलं तर छोटी होडीच वाटायची.

बातमी श्रावणात आली. काही दिवसांनी दादा आला, पेटीतून.

त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही, आणि आठवतं ते बिनकामाचं. कुणीतरी आणलेल्या चहाच्या थर्मासचं झाकण सापडत नव्हतं आणि मी ते शोधत राहिले. सगळे रडत होते आणि मी भांड्यांच्या मागे हात घालून झाकण शोधत होते. सापडलं, तेव्हा थर्मास रिकामा झाला होता.

दसऱ्याला आई म्हणाली, त्याच्या गाडीला हार घाल. घरात बाळंतीण असल्यासारखी सगळी कुजबुजत वावरत होती, त्यात हे तिचं पहिलं मोठ्याने बोललेलं वाक्य. काकांनी झापं सोडली. आतली गाडी चकाकत होती आणि पडवीभर मुशीचा वास सुटला. काकांनी फडकं घेऊन टाकी आणि सीट पुसली. मी हार घातला. आणि तिथेच आईला म्हटलं की गाडी मला हवी.

मला ती खरोखर हवी होती. सड्यावरच्या वाड्यांना एसटी फाट्यापर्यंतच जाते. पुढे उघडा कातळ, दगडी वाट, माझी स्कूटर तिथे दोनदा पोटावर बसली होती. चिरेखाणीचे ट्रक मात्र त्याच सड्यावर बिनधास्त जातात, कारण त्यांच्यासाठी रस्ता होतो. वाडीतल्या बायकांना हंडा घेऊन जायला होत नाही, ट्रकला होतो. हे मी पत्रकात लिहिलं होतं. पण पत्रक वाडीत पोचवायला मीच तिथे पोचत नव्हते.

आई म्हणाली, घे. मग म्हणाली, "पण त्याने केलंन ते तसंच राहू दे. एक स्क्रू हलवायचा नाय."

मी पाच फूटही नाही. त्या सीटवर बसले की माझे दोन्ही पाय हवेत. एक टेकवायचा तर सगळी गाडी कलते, आणि ती कलली की माझ्याच्याने सावरत नाही. सीट कापून घेतली तर प्रश्न मिटत होता. मी आईला हे सांगितलं, समजावून, मुद्दे मांडून, सभेत मांडते तसं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तो आला की उंच लागेल त्याला."

काका खाली बघत होते. भरल्या सभेत तलाठ्याला खोटं पाडणारी मी, आईला एवढं एक खरं सांगू शकले नाही.

तेव्हा गाडी माझी आणि सीट त्याची. सीट त्याची होती तोवर गाडीही त्याचीच होती, हे आईलाही कळत होतं आणि मलाही.

बॅटरी चार्ज करून आणली. गावातल्या सपाट रस्त्यावर शिकले. ब्रेक कमी लागतोय असं वाटलं, पण मला स्कूटरची सवय. म्हटलं मोठ्या गाडीचा असाच असेल. मग एका सकाळी पत्रकांचा गठ्ठा मागच्या कॅरियरला बांधून निघाले.

आमच्या घाटीचा उतार खाडीकडे सरळ जातो आणि एकदम डावीकडे वळतो. वळणाआधी मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. अजून दाबला. तेव्हा तो वास आला, जळक्या मुशीचा. मला कळलं. काकांनी एक जागा सोडली नव्हती. चाकाला ब्रेकची जी चकती असते, तिलाही तेल चोळलं होतं, मनापासून, होडीच्या फळीला चोळतात तसं. ते कळलं आणि वळण आलं.

रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावर गाडी घासली, वेग मेला, मी पाय टाकायला गेले तर खाली जमीन नव्हती, म्हणजे होती, माझ्या पायापासून खूप खाली. गाडी माझ्यावर पडली. खरं तर पडली नाही. दादाचा क्रॅशगार्ड आधी टेकला आणि माझा पाय त्याच्या आणि रस्त्याच्या मधल्या जागेत सुखरूप राहिला. पत्रकं उताराभर पसरली. मी आडवी पडून इंजिनाचा टकटक आवाज ऐकत होते. घाबरायला हवं होतं. मनात एवढंच आलं की पाय राहील एवढी जागा त्याने बरोबर ठेवलीय.

जाळी घेऊन वर येणाऱ्या दोघांनी गाडी उचलली. एकाने पत्रकं गोळा करून दिली आणि विचारलं, "ताई, वाटायची हीच पद्धत काय?"

घरी आले तेव्हा गुडघा सोललेला आणि सलवार तेलकट. काका धावत आले. त्यांनी आधी माझा पाय पाहिला, मग गाडी, मग पुन्हा माझा पाय. विचारलं, "पडलीस कशी?"

पहिल्या वाक्यात जबाबदार कोण ते सांगायचं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, पुराव्यासकट. वास अजून अंगाला येत होता. मी काकांच्या हातांकडे पाहिलं. नखांत तेलाची काळी रेघ अजून होती. या माणसाला, पोराने शेवटचं सांगितलेलं काम करणाऱ्या माणसाला, मी अहवाल देणार होते. कामगाराचा निष्काळजीपणा. तो शब्द आमच्या घरात एकदा येऊन गेला होता.

मी गुडघ्यातले खडे काढू लागले. तेवढ्यात आई बाहेर आली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जवळ येऊन सलवारीचं टोक हातात घेतलं, सोडलं.

"पाय पोचत नाहीत तिचे," ती काकांना म्हणाली. "दुसरं काय होणार? उतारावर टेकायला पाय नकोत?"

काका म्हणाले, होय, गाडी उंचच आहे.

आई सीटकडे वळली. मग मला म्हणाली, "कापून घे."

गॅरेजवाल्याने चकत्या साफ केल्या, ब्रेकचे पॅड टाकून नवे घातले आणि विचारलं, ताई, डिस्कला तेल कुणी लावलं? मी म्हटलं, माहीत नाही. कुशनवाला तोच होता, दादाचा. त्याने कव्हर उसवलं, आतला फोम बघून म्हणाला, हा माझाच हात आहे, एवढा उंच माणूस इकडे फार नाही. मी म्हटलं, जेवढा घातला होता तेवढा काढा, आणि अजून. त्याने करवतीसारख्या सुरीने फोम कापला. पिवळा तुकडा बाजूला पडला. मला वाटलं आता काहीतरी होईल मला. दुकानात पंखा फिरत होता. त्याने विचारलं, शिलाई डबल मारू? मी म्हटलं, मारा.

हँडलही खाली घेतलं. गार्ड आणि पोटाखालचा पत्रा तसाच आहे. आता माझे दोन्ही पाय टेकतात, टाचा सोडून. सड्यावर जाते, पत्रकं पोचतात. चिरेखाणी चालूच आहेत. पत्रक पोचलं म्हणून झरा येत नाही, आणि हे संघटनेत कुणी शिकवत नाही.

पुढची आगोट आली. काका न सांगता कॅन घेऊन आले. मी गाडी धुऊन, सुकवून ठेवली होती. पावसात मी ती वापरणार, झापं नकोत, असं सांगितलं, तर म्हणाले, झापं राहू देत, पण अंगाला तेल हवंच, पावसात तर हवंच. त्यांनी निवांत बसून सगळी गाडी चोळली. मी पायरीवर बसून बघत होते. त्यांनी चकत्याही चोळल्या, दोन्ही बाजूंनी, आणि हात पुसत घरी गेले.

मी आतून चिंधी आणि पेट्रोलची बाटली आणली. खाली वाकले तेव्हा आई दारात तांदूळ निवडत होती. तिने सुपातून मान वर केली नाही.

"दोन्ही चाकांच्या चकत्या पूस हां," ती हळूच म्हणाली. "पडलीस त्या दिवशी तुझी सलवार धुताना वास गेला नव्हता."

मी पुसत राहिले. ती निवडत राहिली. शेजारून काका ओरडून विचारत होते, तेल नीट बसलंय ना, आणि आईने इकडून मोठ्याने सांगितलं, हो, बसलंय.