सपाट वाळू

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते इब्राहिमचाचा गेल्याचा फोन दापोलीहून आला, तेव्हा मी इथे आखातात, अजमानच्या आमच्या खोलीत कामावरून येऊन बूट काढत होतो. त्याला आता सहा आठवडे झाले.

चाचा रास अल खोरच्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. ती पदवी इथे चालावी म्हणून लागणाऱ्या शिक्क्यांसाठी त्यांनी रजा टाकली आणि माझ्याबरोबर कचेऱ्या फिरले. खोलीतली अर्धी जागाही दिली. उरलेल्या अर्ध्यात त्यांच्या काचपेट्या होत्या. लहानपणी दगडी गडग्यातले सरडे धरणाऱ्या या माणसाने जन्मभर पाली, सरडे, साप सांभाळले. शेवटी उरलं एक मांडूळ, महिनोन्महिने वाळूत पुरून राहणारं.

सकाळी निघताना चाचा आपल्या मुदत संपलेल्या लेबर कार्डाने पेटीतली वाळू सपाट करत. घासून घासून कार्डावरच्या फोटोतला चेहरा पुसला गेला होता. संध्याकाळी वाळूवर रेघ दिसली की म्हणत, "आहे आत. खलास, झालं काम, चल जेवायला."

मी लांबूनच बघे.

"काय ग्रॅज्युएट, भ्यायलास?"

"चाचा, मला तर पेटी रिकामीच वाटते."

"दिसत नाही म्हणजे नाही, हे कुठल्या कॉलेजात शिकवलं रे?"

आजारी पडून ते गावी गेले आणि पेटी त्या कार्डासकट माझ्याकडे आली. दर शुक्रवारी त्यांचा फोन यायचा. मी तब्येत विचारायच्या आधीच विचारत, "वाळू हलली?"

"हलली, चाचा."

खरं तर ते गावी गेल्यापासून एकही रेघ उमटली नव्हती. पण हे ऐकल्यावरच ते दोन घास खातात, असं चाची म्हणाली होती... एका शुक्रवारी ते अगदी हळू म्हणाले, "आता पाण्याच्या वाटीखाली जाईल बघ." दुसऱ्या दिवशी मी सगळी वाळू उपसून चाळली.

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून पत्र लिहिलं आणि गावी निघालेल्या एकाबरोबर पाठवलं. ते पोचलं दफनाच्या दिवशी. चाचीने ते न फोडताच ठेवलंय.

चाचा गेल्याचा फोन ठेवून मी पेटीकडे वळलो. सकाळी सपाट केलेल्या वाळूवर एक रेघ होती. कोपऱ्यातून निघून सरळ वाटीखाली गेलेली... वाटी मी अजून उचललेली नाही. पाणी वरूनच ओततो. कार्ड मात्र रोज फिरवतो. पत्राची नक्कल पेटीला टेकवून ठेवली आहे:

"चाचा, सलाम. मी दर शुक्रवारी तुमच्याशी खोटं बोललो. वाळू हललेली नाही. काल सगळी चाळली. एक जुनी कात निघाली, मांडूळ नाही. झाकणाची क्लिप लागलेलीच होती, कुठे गेलं कळत नाही. तुम्ही सांभाळायला दिलेली एकच गोष्ट माझ्याकडे राहिली नाही. रागवा, पण जेवण सोडू नका. आणि शुक्रवारी पुन्हा विचारा. या वेळी जे असेल तेच सांगेन."