दांडीखालची कैची

खाम नदीकाठच्या नव्या, पक्क्या वाटेवर मी रोज चालायला जाते. तिथं गाड्यांना बंदी आहे. आज एक पोरगी “आंटी, साइड!” म्हणत सायकलवरून सुळकन पुढं गेली आणि मागं चेनच्या ताज्या तेलाचा वास ठेवून गेली. असला गुळगुळीत रस्ता आमच्या नशिबी कुठला! या वयातही माझा जळफळाट झाला.

लहानपणी छावणीत आमच्या शेजारच्या रेखाच्या सायकलीला असाच वास यायचा. नवी, लाल, लेडीज सायकल. याच काठावरच्या धोंड्यांच्या वाटेवर ती सीटवर ऐटीत बसून जायची. माझ्याकडं माझ्या वडलांची, अण्णांची, उंच, काळी सायकल. सीटवरून पाय पुरत नव्हते, म्हणून मी दांडीखालून पाय घालून वाकडीतिकडी कैची मारायचे. अण्णा कॅरियर धरून मागं पळायचे. मला लई लाज वाटायची.

एका संध्याकाळी रेखाच म्हणाली, “बदलायची का सायकल?”

मी झडप घालून लाल सायकल घेतली आणि सुसाट निघाले. पार वळणावर जाऊन मागं बघितलं. रेखा कैची मारत होती, खदखदा हसत होती. तिचे वडील फौजेत, वर्षातून एकदा घरी यायचे. आणि तिच्यामागं धापा टाकत माझे अण्णा पळत होते. “भिऊ नको, नाय सोडत!” म्हणत होते.

हे तर ते फक्त मलाच म्हणायचे.

मी ती लाल सायकल तिथंच आडवी टाकली आणि जीव खाऊन ओरडले, “अण्णा, सोडा तिला!”