कव्हरवरची नारळाची झाडं

तेरा ते सतरा वर्षांच्या पोरापोरींसाठी जी पुस्तकं निघतात, त्यांची कव्हरं काढणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. चहापाण्यासाठी नाही. समोर बसवून विचारायचं आहे, की बाबा रे, चित्र काढण्याआधी तू पुस्तक वाचतोस तरी का? माझी खात्री आहे, वाचत नाही. त्याला कोणी फोनवर सांगत असणार, मुलगी आहे, गाव आहे, स्वप्न आहे. मग तो आपल्याकडची तयार मुलगी काढतो आणि चिकटवून देतो.

ती मुलगी आता मला तोंडपाठ आहे. ती गोरी असते. तिचे केस मोकळे आणि वाऱ्यावर उडणारे. आमच्या भागात दहावीतली पोरगी अशी केस सोडून शाळेला निघाली तर आई फाटकातूनच माघारी ओढेल आणि तेल थापून दोन वेण्या घालेल. कव्हरवरची मात्र पाठमोरी तरी असते, नाहीतर आभाळाकडे बघत असते. वाचणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देताना मी तिला कधी पाहिलं नाही. पुस्तक गावाबद्दल असेल तर भेगाळलेली जमीन, एक वाळकं झाड आणि अनवाणी पोरगं. शहराबद्दल असेल तर चार मुलं, एक कुत्रा आणि दुर्बीण. मागच्या बाजूला छापलेलं असतं, संस्कारक्षम वयातील पाल्याच्या हाती पालकांनी आवर्जून द्यावं असं पुस्तक. पाल्य हा शब्द वाचला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आमच्या गावात कोणी पाल्य म्हणून हाक मारली तर एकही लेकरू मागे वळून बघणार नाही.

आतल्या मजकुराबद्दलही माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नका. गरीब मुलगा असला की तो प्रामाणिक असतोच आणि त्याला रस्त्यात पाकीट सापडतंच. मामा असला की तो झाडांची माहिती सांगतोच. मध्ये पन्नास-साठ पानं लेखक उपदेश करायला विसरतो, तेव्हा पोरं भांडतात, खोटं बोलतात, भुकेनं कावतात, आणि तेवढं पुस्तक खरं असतं. मग शेवटचं प्रकरण येतं आणि सगळ्यांना सगळं कळतं. म्हणून मी या पुस्तकांचं शेवटचं प्रकरण वाचतच नाही. ही माझी फार वर्षांची खोड आहे आणि तिचा मला अभिमान होता.

एवढा राग असून मी ही पुस्तकं वाचते, कारण भाचीला पाठवण्याआधी ती मला चाळून बघावी लागतात. मी हिंगोलीत एका दवाखान्यात नर्स आहे, दोन खोल्यांत एकटी राहते. आमचं गाव सेनगावकडे. तिथं माझा मोठा भाऊ शेती करतो. त्याची थोरली पोरगी यंदा दहावीला होती. आठवीपासून तिला वाचायचं वेड लागलं आणि ते पुरवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. दहावी झाली की तिनं माझ्याकडे यायचं, हिंगोलीत अकरावी सायन्स करायचं, हे आम्हा दोघींचं ठरलेलं होतं. तिच्यासाठी मी लोखंडी पलंग घेऊन ठेवला होता. भावाला विचारलं की तो म्हणायचा, "पाहू." मी त्याच्या पाहूचा अर्थ हो असा धरून बसले होते.

परीक्षा संपल्यावर मी तिला एक कादंबरी पाठवली. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा बाप, आणि त्याच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळत मोठी झालेली पोरगी. तिला शहरात जाऊन तेच काम नीट शिकायचं आहे, एवढीच गोष्ट. बोटं कापतात, ग्राहक म्हणतात पोरीच्या हातची मोटार नको, बाप चिडतो. चांगलं लिहिलं होतं. आणि कव्हरवर काय? सायकलच्या दांडीवर तीच गोरी मुलगी, केस वाऱ्यावर, मागे सायकल चालवणारा मिसरूड फुटलेला मुलगा, नारिंगी सूर्य आणि नारळाची झाडं. विहिरीच्या मोटारींची गोष्ट, आणि नारळाची झाडं! अख्ख्या पुस्तकात मुलगा म्हणावा असा एकच, तो पोरीचा धाकटा भाऊ, आणि त्याचं नाक सतत वाहत असतं.

हिंगोलीत शाळेच्या मैदानावर पुस्तकांचा मांडव लागला होता, तिथूनच ते घेतलं होतं; वाचून झाल्यावर पुस्तक घेऊन परत गेले आणि विक्रेत्याला हे बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, कव्हरवर जोडी असली की माल लवकर उठतो."

"आणि आत जोडी नसली तर?"

"आत कोण पाहतंय?" तो म्हणाला. त्यानं माझं पुस्तक परत माझ्या पिशवीत घातलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आमच्या लहानपणी घरात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचा कागद चढायचा. शाळेचं असो की मागून आणलेलं, घरातल्या मोठ्यांना बाहेरून फक्त बाजारभाव आणि श्रद्धांजलीचे फोटो दिसायचे. मी काय वाचते हे आमच्या बाबांना कधी कळलं नाही, त्यामुळे त्यांनी कधी अडवलंही नाही. पण भाचीला काही झाकून द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. आमच्या घरात लपवण्यासारखं आहे काय, असं मला वाटायचं. गावाकडे निघालेल्या जीपवाल्याच्या हाती मी पुस्तक जसंच्या तसं दिलं.

आठवड्याच्या आत भावाचा फोन.

"तू पोरीला काय पाठवून राहिली गं?"

"पुस्तक. काहून?"

"पाव्हणे आलते. टीव्हीपाशी पडलेलं होतं. त्यायनं उचललं, इकून-तिकून पायलं, अन् हासले. म्हणले, पोरगी आत्तापासूनच सायकलवर बसून राहिली वाटते. मला मान वर करता येईना."

"दादा, तू उघडून पाहिलंस का?"

"कव्हर दिसून राहिलं ना. आंधळा हाय का मी?" मग तो म्हणाला, "तिला हिंगोलीला पाठवायचं न्हाई. सेनगावला आर्ट्सला टाकतो. येऊन-जाऊन करील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मला एक गोष्ट नीट कळली, आणि ती कोणत्याही प्रकाशकाला कळलेली नाही. आमच्याकडे पुस्तकाचं कव्हर वाचणाऱ्या पोरीसाठी नसतंच. पोरगी आतलं वाचते. कव्हर वाचतो तिचा बाप, चुलता, दारात आलेला पाव्हणा, म्हणजे पुस्तक कधीच न उघडणारी सगळी माणसं. कुठंतरी गार खोलीत बसून कोणीतरी माल उठावा म्हणून दोन नारळाची झाडं काढतो, आणि सेनगावकडची एक पोरगी सायन्सला मुकते.

रविवारी मी पहिली जीप धरून गाव गाठलं. भाऊ पंख्याखाली बसला होता. वहिनीनं पाणी दिलं आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, म्हणजे तिचं बोलून झालं होतं आणि उपयोग झाला नव्हता. भाची आतल्या खोलीच्या दारात उभी होती, पुढे यायला तयार नाही. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, हातात पुस्तक. आमच्या वस्तीत असा फोटो नसलेलं घर सापडणार नाही. मी त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "दादा, त्या हातातल्या पुस्तकावर कोणतं चित्र हाय, हे कधी विचारलं का आपण?"

"त्या पुस्तकाची बराबरी याच्याशी नको करू," तो तडकला. आणि खरं तर त्याचं बरोबर होतं, म्हणून मला आणखी राग आला.

मी ते पुस्तक हातात घेतलं. "ऐक. सगळं वाचून दाखवते. पोरा-पोरीच्या जोडीचा एक शब्द जरी निघाला तर पोरीला इथंच ठेव."

मे महिन्याचं ऊन होतं, त्याला दुपारी बाहेर जायला जागा नव्हती. मी वाचत गेले. पहिल्यांदा तो छताकडे बघत होता. बोट कापल्याचं आलं तेव्हा त्यानं पंखा कमी केला, आवाज नीट यावा म्हणून. ग्राहकानं पोरीच्या हातची मोटार परत केली तेव्हा त्यानं त्या ग्राहकाला एक सणसणीत शिवी घातली. वहिनी भाजी निवडायची थांबली. मी वाचत होते आणि मनात म्हणत होते, जिंकले. पोरगी बॅग भरते, बाप एसटी स्टँडवर येतो, गाडी सुटते. आधी वाचताना मी तिथंच थांबले होते. पण भाऊ म्हणाला, "मंग? पुढं काय झालं तिचं?"

पानं उरली होती. थांबायला कारण नव्हतं. मी शेवटचं प्रकरण कित्येक वर्षांत पहिल्यांदा वाचलं, तेही मोठ्यानं.

पोरगी शहरात पहिली येते. मोठ्या कंपनीची नोकरी चालून येते. तेवढ्यात तिला गावच्या मातीचा वास आठवतो. ती सगळं सोडून परत येते, बापाच्या पायावर डोकं ठेवते आणि म्हणते, खरं शिक्षण तर इथंच होतं बाबा, मीच उगाच दूर गेले. बापाच्या डोळ्यांत पाणी. समाप्त.

भावानं डोळे पुसले. खरोखर पुसले. मग म्हणाला, "लय बराबर लिवलंय. कव्हर वंगाळ हाय, पण पुस्तक चांगलं हाय."

"मग पाठवतोस ना?"

"आता तूच वाचलं ना? ती पोरगी बी म्हणते, उगाच गेले. मंग हिनं कशाला जायचं?"

मला त्या लेखकाची मानगूट धरावीशी वाटली. कव्हरवाल्यानं निदान पुस्तक वाचलं नव्हतं. यानं तर स्वतः लिहिलं होतं. दीडशे पानं पोरीला रक्त काढायला लावलं आणि शेवटी बापाच्या पायावर नेऊन टाकलं, का, तर पालक खूश होऊन पाल्याला पुस्तक घेऊन देतील. मी भावाला नको ते बोलले. तोही बोलला. भाची दारातून आत निघून गेली. परतीच्या जीपमध्ये मी रडले, आणि ते दुःखानं नव्हे, रागानं.

पुढचे काही दिवस मी घरी फोन केला नाही. मग भाचीचाच आला. "आत्या, अजून पुस्तकं पाठव. पप्पा म्हणून राहिले, आत्यासारखं वाचून दाखव. रोज संध्याकाळी बसतात."

"कागद चढवून पाठवू?"

"नको. कव्हर पाहून ते आता हासतात. म्हणतात, याच्यातलं काहीच आत नसणार."

मी पाठवली. केस उडणाऱ्या मुली, भेगाळलेल्या जमिनी, सगळं जीपवाल्याच्या हाती धाडलं. शेवट तपासायचा मला धीर नव्हता. निकाल लागला, तिला चांगले मार्क पडले, आणि मी अभिनंदनाच्या पलीकडे एक शब्द बोलले नाही.

जूनमध्ये एका सकाळी दारात भाऊ उभा. खांद्यावर गादीची वळकटी, मागे भाची पेटी धरून. त्यानं वळकटी पलंगावर टाकली, पाणी प्याला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लय पुस्तकं ऐकली. सगळ्याच पोरी जाऊन राहिल्या. कोणी बापाचं ऐकून थांबत न्हाई. मंग म्हणलं, भांडून गेल्यापरीस आपणच सोडून यावं."

मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ वळवळलीच. "आता कसं कळलं?"

त्यानं ते मनावर घेतलं नाही. चपला घालता घालता म्हणाला, "फकस्त एक हाय. त्या एकाबी पोरीनं मागं फिरून बापाला फोन केला न्हाई गं. हिला सांग. तेवढा करत जाय म्हणावं."

तो गेला. मी भाचीकडे वळले. "असलं कोणत्या पुस्तकात आहे? ही सगळी पुस्तकं तर शेवटी पोरींना गावात आणून सोडतात."

ती पेटीचं कुलूप काढत होती. "व्हय, सगळ्याच वापस येतात. रडून पाया पडतात," ती म्हणाली. "म्हणून शेवटचं मी माझ्या मनानं वाचत होते. पप्पा काय पुस्तक हातात घेऊन राहिलेत? मधलं मात्र जसंच्या तसं वाचलं. मधलं चांगलं असतं."

तिनं पेटी उघडली, वरचे कपडे काढले, परत ठेवले. मग म्हणाली, "शेवट जरा जास्तच कडक केले वाटतं."

आणि माझा मोबाइल उचलून तिनं बापाला फोन लावला. तो अजून जीप स्टँडलाही पोचला नसेल.